फक्त वाचण्याची परवानगी

रात्री दोनच्या सुमारास
जॅमच्या बरण्यांमागची ती काळी पेटी
आधी खाकरते, मग गुरगुरते,
आणि तिचा निळा दिवा लवलवू लागतो.
मी कूस बदलते.
तायवो जागा आहे.

अंगणापलीकडे सौनाची खोली.
तेवीस पावलं; बर्फ असला की एकतीस.
काडीमोड झाल्यापासून तो तिथं राहतो,
मेपर्यंत, म्हणाला होता.
कुठला मे, ते नाही म्हणाला.

भांडी वाटली. होडी त्याला, मेंढ्या मला.
कार्दलाच्या कचेरीतल्या बाईनं
चमचेसुद्धा मोजून लिहून घेतले.
गाणी राहिली.
अकरा हजार चारशे बारा:
त्याच्या जुन्या कॅसेटींतला जॅझ,
माझ्या गायनमंडळाच्या तालमी,
लीसबेतच्या चौथीतल्या व्हायोलिनचा तो छळ,
सगळं एकाच डिस्कवर, एकाच फोल्डरमध्ये,
आणि फोल्डरचं नाव ‘आपलं’.
नाव बदललं तर म्हणे त्याच्याकडच्या यादीत
प्रत्येक गाण्यापुढे उद्गारचिन्ह उभं राहतं:
फाइल सापडत नाही.
म्हणून बदललं नाही. एवढंच कारण.

लीसबेतनं तार्तूहून फोनवर सांगितलं तसं
मी त्याचे हक्क तेवढे कमी केले.
तो वाचू शकतो, लिहू शकत नाही,
पुसू तर मुळीच शकत नाही.
माझ्या पोरीनं विचारलं, नक्की?
मी म्हटलं, हो. आणि बटण दाबलं.

डिस्कला कुणी विचारलं नाही की ती झोपते.
पहिल्या हाकेला ओ देत नाही.
सॉफ्टवेअरला कुठला धीर,
ते लगेच जाहीर करून टाकतं, डिस्क नाही.
तायवोला सवय आहे.
सत्तावीस वर्षं त्यानं मलाही
दोनदाच हाक मारली:
एकदा उठवायला, एकदा सांगायला.

परवा मी नोंदी उघडल्या.
पेटी सगळं टिपून ठेवते,
गावातल्या पोस्टमास्तरणीसारखी,
कोण आलं, किती वाजता, काय घेऊन गेलं.
अकरा रात्री तीच एक फाइल.
अकरा रात्री चौसष्ट टक्क्यांवर तुटलेली.
आमच्या भिंती दोन फूट दगडाच्या,
त्याच्या खिडकीपर्यंत वायफाय पोचतं ते
लंगडत, एका दांडीवर.

फाइलला नाव नव्हतं, नुसती तारीख.
मी ऐकली.
त्याच्या आईचा अकॉर्डियन, भाता जरा फाटका,
नळाचं पाणी, बशीवर बशी,
आणि कुणीतरी गुणगुणतंय, अर्धा स्वर खाली.
ते कुणीतरी म्हणजे मी.
मग मी थांबते,
आणि त्याचा आवाज, माइकच्या अगदी जवळून:
थांबू नकोस ना.
चाळीस मिनिटांची अवजड फाइल.
बाकी सगळी गाणी त्यानं दाबून लहान केली होती,
ही नाही.

काल मी राउटर उचलला
आणि अंगणाकडच्या खिडकीत ठेवला.
तिथलं जिरेनियम कपाटात, बरण्यांमागे.
कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं:
कपाटात ओल येते.
कुणी विचारलं नाही.

दोन वाजून नऊ मिनिटं.
पेटी खाकरली. एकदा गप्प झाली. मग उठली.
दिवा न अडखळता चालू राहिला.
टक्के मला दिसत नाहीत, मी मनात मोजले,
चौसष्टला श्वास धरला,
पुढे गेला.
मग तो विझला, आणि पलीकडे
सौनाची खिडकी मात्र बराच वेळ उजळ होती.
कानात घालून ऐकत असणार.
अंगणात कसलाच आवाज नव्हता.

सकाळी वाटेवरचा बर्फ काढलेला होता.
तो रोजच काढतो,
त्यातून काही वाचायला नको.
परवानगी अजून तीच आहे.

जिरेनियमला तिथं ऊन मिळत नाही.
सकाळी त्याला टेबलावर आणते,
रात्री परत बरण्यांमागे नेते,
आणि हात लागू नये म्हणून
पेटी जरा बाजूला सरकवते.
कोमट असते.